ड्रोन नाल्यावर उडवा

पुण्यातल्या पाषाण तलावाचा ड्रोनने टिपलेला व्हिडिओ परवा मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकला. पाणी शोधावं लागावं इतकी जलपर्णी. खाली त्याचं म्हणणं : 'तुमच्याकडे आकाशातून तळ्यांची पाहणी करतात. आपल्याकडे दरमहा एक ड्रोन उडवायला काय जातं?'

मी राहतो अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला, मेंडोटा तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. इथलं मुख्य तण, युरेशियन वॉटरमिलफॉइल, बहुतेक पाण्याखालीच असतं. त्याचे काळपट पट्टे वरून दिसायला वारा पडलेला हवा आणि ऊन तिरपं हवं, नाहीतर फोटोत नुसती चकाकी येते. महिना चुकला तरी फसगत. कर्ली-लीफ पाँडवीड हे दुसरं तण जूनमध्ये माजतं आणि जुलैत कुजून जातं. ऑगस्टच्या फोटोत त्याचा मागमूसही नसतो. शिवाय पट्टा तणाचा की देशी वनस्पतीचा, हे फोटोवरून सांगणं कठीण. म्हणून होडीतून ठरलेल्या ठिकाणी जायचं, लांब दांड्याचं दुतोंडी दाताळं तळाशी फिरवायचं आणि वर ओढायचं. किती भरून आलं त्यावर १, २ किंवा ३ गुण. एकदा हौसेने मीही गेलो होतो. दाताळ्याला ओल्या पिसांसारखा मिलफॉइलचा गुंता, आणि त्यात रिबिनीसारखं एकच लांब पान. होडीतल्या बाईंनी तेवढं अलगद सोडवून दाखवलं. वाइल्ड सेलरी, इथली देशी. बदकं तिचे कंद खातात. ती राहायला हवी.

जलपर्णीचं तसं नाही. ती तरंगते, काठावरून दिसते. रामनदीतून तलावात येणाऱ्या मैलापाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. काढलेली किती आणि बिल कितीचं, हे ताडून पाहायला ड्रोन जरूर वापरा. पण ती आहे हे कळायला?

इथेही सगळं आलबेल नाही, बरं का. लॉनला घालायच्या फॉस्फरसयुक्त खतावर आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, २००५ पासून, तर राज्यभर २०१० पासून निर्बंध आहेत, तरी शेतांतलं शेणखत तळ्यात वाहून येतंच. उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजलं की पोहायचे किनारे बंद. पण निदान भांडण फॉस्फरस कुठून येतो यावर होतं.

भावाला लिहिलं, पुढचा ड्रोन तलावावर नको, रामनदीच्या काठाने वरच्या अंगाला ने. कुठले पाइप नदीत सुटलेत ते टिप.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं : 'अरे, तिथे आपलीच सोसायटी आहे.'