मुलगा अठराचा झाला, पेढे वाटा!

अभिनंदन! चिरंजीव परवा अठरा वर्षांचे झाले. तारीख तुमच्या लक्षात असायचं कारण नाही, पण वकिलाने फोन केलाच असेल. कोर्टाने दरमहा 3 हजार पोटगी बांधून दिली तेव्हा पोरगा दुसरीत होता. तुम्ही भरले चार हप्ते, तेही पोलीस वॉरंट घेऊन दारात आला म्हणून.

अठरा झाले की जुनी थकबाकीही धुतली जाते, असं पानटपरीवरच्या कायदेपंडितांनी सांगितलं असेल. खोटं आहे. थांबते ती पुढची पोटगी. (मुलगी असती तर तेही नाही. हिंदू मुलगी अविवाहित असेल आणि तिचं स्वतःचं भागत नसेल, तर तिला अठरानंतरही बापाकडे मागता येतं. मुलगा झाला म्हणून तुमच्या आईने पेढे वाटले होते, ते उगाच नव्हे.)

तरी हिंमत सोडू नका, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम 125 आहे ना! 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला 144 म्हणतात, स्वभाव तोच. हप्ता थकल्यापासून वर्षाच्या आत पोराच्या आईने वसुलीचा अर्ज टाकला नाही, तर त्या हप्त्याचं वॉरंट निघत नाही. म्हणजे तिने वर्षाला रजा काढायची, दोन गाड्या बदलून कोर्ट गाठायचं, झेरॉक्स काढायच्या. तुम्ही फक्त खोली बदलायची. समन्स परत जातं, त्यावर शेरा असतो: 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' सदर इसम त्या वेळी गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, विडी ओढत असतो.

सापडलातच, तर मालमत्तेचं शपथपत्र मागतील. 2020 च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालापासून ते दोन्ही बाजूंना द्यावंच लागतं. द्या की! सातबारा भावाच्या नावावर, बुलेट मेहुण्याच्या. उत्पन्नाच्या रकान्यात लिहा, 'मोलमजुरी, मिळेल तेव्हा'. नोटरीकडे जाताना बुलेट तेवढी दोन गल्ल्या अलीकडे लावा.

आत जाऊन बसलो की हिशेब मिटला, या भ्रमात मात्र राहू नका. कैद भोगली तरी देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. आणि हुकूम हिंदू विवाह कायद्याखालचा निघाला, तर ती थकलेल्या हप्त्यासाठी 12 वर्षांपर्यंत वसुलीची दरखास्त लावू शकते. तिच्याकडे वही आहे म्हणतात. पोराच्या जुन्या गणिताच्या वहीची उरलेली पानं, त्यावर महिनावार: जून, आला नाही. जुलै, आला नाही. गणवेश, उसने.

असो, तुम्ही साठीचा विचार करा. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. साठीनंतर स्वतःचं भागेना, की पोटच्या मुलाकडून महिन्याला 10 हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज प्रांतसाहेबांकडे, वकील लागत नाही. त्यात मुलाचं पूर्ण नाव, नोकरी आणि राहता पत्ता लिहायचा असतो. तो तुम्हाला माहीत नसणार. तिला विचारा, वहीत असेल.