सुनेच्या कानावर न घालायची गोष्ट

दर ऑगस्टला अर्धं म्युनिक गाडीच्या टपावर सायकली बांधून ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरतं आणि निम्मी सुट्टी त्या खिंडीतल्या ट्रॅफिकमध्येच घालवतं. २०१९ साली आमच्या गाडीत जुन्नरहून आलेले सासरेही होते. अण्णा बैलगाडा शर्यतीचे जुने शौकीन. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि त्यांचे शर्यतीचे घाट सुने पडले. 'सिएनात भर चौकात घोडे पळवतात' असं नवरा बोलून गेला मात्र, अण्णांनी फ्लॉरेन्सची सगळी म्युझियमं एका झटक्यात रद्द केली.

शर्यतीचं नाव पालिओ. २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. गावात १७ कोंत्रादा, म्हणजे आपल्या आळ्याच. गोगलगाय, सुरवंट, साळिंदर अशी त्यांची नावं. एका वेळी पळतात दहा. शर्यतीआधी घोड्याला आळीच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात आणि त्याने तिथे लीद टाकली तर शुभशकुन! अण्णांना हे मनापासून पटलं. त्यांनी लगेच सेल्वा आळीचा रुमाल घेऊन गळ्यात बांधला. निशाणी गेंड्याची, पण रंगात भगवा दिसला, तेवढं पुरे झालं.

चौकाच्या मधोमध उभं राहायला तिकीट नाही. फुकट म्हटल्यावर आम्ही दुपारी दोनलाच आत. भोवती माती टाकून केलेली धावपट्टी एकदा मोकळी केली की मधले सगळे कोंडले. आत सावली नाही, बाकडं नाही आणि संडासही नाही. ही शेवटची बाब मला चारच्या सुमारास कळली. अण्णा नवऱ्याच्या कानाशी लागले, मग नवरा माझ्या. सुनेला थेट कसं सांगणार?

"सकाळी बीपीची गोळी घेतलीये त्यांनी."

ती गोळी अंगातलं पाणी काढायचीच. आणि मी दर अर्ध्या तासाने 'ऊन लागेल, अण्णा, प्या' म्हणत त्यांना बाटली देत होते.

मिरवणूकच दोन तास चालली. शेवटी चार पांढरेशुभ्र बैल विजेत्याचं रेशमी निशाण असलेला रथ ओढत आले, तेव्हा मात्र अण्णा गोळी विसरले. "खिल्लार नाहीत, पण खांदा बघ खांदा!"

मग घोडे आले. नऊ घोडे दोरांच्या मध्ये, दहावा मागे. तो धावत आला की शर्यत सुटणार. तो काही येईना. अण्णा एका पायावरून दुसऱ्यावर. "आमच्याकडे बारा-तेरा सेकंदांत बारी उरकते रे!"

सुटली एकदाची. तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट. मला पुढच्या माणसाची टोपी व्यवस्थित दिसली. जिंकला सेल्वाचा घोडा, तोही एकटाच. स्वार वाटेतच पडला होता. इथे ते चालतं, पहिला यायचा तो घोडा. माणसं ढसाढसा रडत धावत सुटली. त्यातल्या कुणीतरी अण्णांच्या गळ्यातला रुमाल पाहिला, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि अण्णा गर्दीबरोबर दिसेनासे झाले. त्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये.

कॅथेड्रलपर्यंत शोधत गेलो. तिथे विजेते गात होते, पण त्यांच्यात अण्णा नव्हते. शेवटी मागच्या उतारावर, सेल्वाच्याच गल्लीत सापडले. झेंड्यांखाली खुर्ची टाकून बसलेले, चेहरा काकड आरतीहून आल्यासारखा.

"सूनबाई," आज पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलले, "देवमाणसं गं! एक शब्द विचारला नाही. रुमाल बघितला आणि आतला संडास दाखवला."