माझा डेटा, माझीच जबाबदारी

सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुमची माहिती कुणीही फोडो, दोष तुमचाच. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, ही कॉलर ट्यून आपण महिनोन् महिने ऐकली. डॉक्टरला घाईघाईत फोन लावला तरी आधी प्रबोधन, मग डॉक्टर. एवढं शिकवूनही फसलात तर सरकारने आणखी काय करायचं?

आधारच्या अर्धा डझन झेरॉक्स कायम पर्समध्ये ठेवा. कोण कधी मागेल सांगता येत नाही. संपल्या तर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. त्याच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तुमच्याआधी येऊन गेलेल्यांची आधार, पॅन, कॅन्सल्ड चेक अशी सगळी मंडळी ओळीने बसलेली असतील, त्यांच्या शेजारी तुम्हीही बसा. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगून पाहिलं होतं, की कुणालाही झेरॉक्स देत सुटू नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. लोक गैरसमज करून घेतील म्हणे. म्हणजे काय, तर खरंच सावध होतील.

मॉलमध्ये बिल करताना मोबाइल नंबर खड्या आवाजात सांगा. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही लिहून घेता आला पाहिजे.

वाय-फायचा पासवर्ड बिल्डिंगचं नाव आणि पुढे १२३ एवढाच ठेवा. पाहुण्यांची सोय होते.

सोसायटीने केवायसी मागितली तर वाद घालू नका. आमच्याकडे सुरक्षेच्या कारणास्तव मागितली. आधार, पॅन, फोटो, घरातल्या सगळ्यांचे मोबाइल नंबर, ज्येष्ठ नागरिक किती, एकटे राहतात का, सगळं. दिलं बिचाऱ्यांनी. मग सेक्रेटरींनी ते सगळं स्कॅन करून एकच पीडीएफ केली, नाव ‘केवायसी फायनल फायनल २’, आणि टाकली सोसायटीच्या ग्रुपवर. ‘कृपया आपापले तपशील तपासून घ्यावेत.’ या ग्रुपमध्ये कोण कोण आहे? दोन इस्टेट एजंट आहेत. लिफ्टवाला आहे. फ्लॅट विकून कधीचे विरारला गेलेले लोक आहेत. भाडेकरू बदलतात, त्यांचे नंबर तसेच राहतात. मी म्हटलं, अहो काढा ते. तर म्हणाले, ‘वहिनी, ग्रुपमध्ये सगळे आपलेच आहेत.’ शेवटी काढायचं ठरलं तोवर सगळ्यांच्या फोनवरून डिलीट करायची मुदतच उलटून गेली होती!

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंना व्हिडिओ कॉल. खाकी कपडे, मागे कसलंसं बोधचिन्ह, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. आता हे खरं, की डिजिटल अरेस्ट नावाची भानगड आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून तसं देशाला सांगितलंही, थांबा, विचार करा, मग कृती करा. सासूबाईंनी ते ऐकलं होतं. पण पंतप्रधानांना त्यांचा आधार नंबर तोंडपाठ नव्हता, याला होता. आख्खा, बाराच्या बारा आकडे. वर फ्लॅट नंबर आणि दुपारी त्या एकट्या असतात हेही. मी घरी आले तेव्हा त्या कॅमेऱ्यासमोर हात जोडून विचारत होत्या, ‘साहेब, कुकरच्या शिट्ट्या झाल्यात, गॅस बंद करून येऊ का?’

पैसे वाचले, कारण त्या पासबुकवाल्या. नेट बँकिंग नाही, आणि त्या दिवशी दुसरा शनिवार. देशाच्या सायबर सुरक्षेत दुसऱ्या शनिवारचा वाटा मोठा आहे, त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

संध्याकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर फॉरवर्ड टाकला : ‘सावध राहा, फसवणूक झाल्यास १९३० वर फोन करा.’ खाली सतरा अंगठे आणि एक ‘छान माहिती’.

तक्रार द्यायला जाताना आधारची झेरॉक्स न्यायला विसरू नका.

पाळतीचं मात्र मुळीच मनावर घेऊ नका. तुम्ही असे कोण लागून गेलात? पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण निघालं तेव्हा सुप्रीम कोर्टाने समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत कसलंतरी मालवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठरलं नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. विषय संपला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस फोन कंपन्यांना हुकूम गेला, की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी अ‍ॅप आधीच घालून द्या. फसवणूक रोखायला, अर्थात. ओरड झाली, तेव्हा आठवडा उलटायच्या आत हुकूम मागे घेतला. ओरडणाऱ्यांना नंतर सगळीकडे विचारणा झाली, तुम्हाला लपवायचंय काय?

सासूबाईंना लपवायचा होता आधार नंबर. बस.

आणि कायदा आहे हो आपल्याकडे! २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. माहिती सांभाळण्याची सक्ती करणारी कलमं तेव्हापासून आणखी दीड वर्षाने लागू व्हायची. त्याच कायद्यातलं माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम मात्र त्याच वेळी लागू! त्याला तयारीला एक दिवसही लागला नाही. आणि सरकार स्वतःच्या यंत्रणांना हवी तेव्हा या कायद्यातून सूट देऊ शकतं, ती सोय आधीच करून ठेवलेली.

म्हणजे आमच्याबद्दल सगळं तुम्हाला कळलं पाहिजे, तुमच्याबद्दल आम्ही विचारायचं नाही, आणि आमचं तुमच्या हातून सांडलं तर आम्ही १९३० लावायचा. लाज वाटायला हवी. ७४ वर्षांच्या बाईला सावध राहायला सांगता, आणि तिचे कागद मागणाऱ्या एकालाही कुणी विचारत नाही, की बाबा, कशाला हवेत, कुठे ठेवणार, कधी फाडणार?

आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही. मी त्या फ्लॅटची मालकीण आहे, शेअर सर्टिफिकेटची नोंद तुमच्याच कपाटातल्या रजिस्टरमध्ये आहे, मेंटेनन्स दर महिन्याला माझ्याच खात्यातून येतो. मी कोण हे कळायला तुम्हाला माझं आधार लागत नाही. सासूबाईंचं तर नाहीच नाही. तुमच्या लॅपटॉपवरची ती फाइल आज काढा, कपाटातल्या झेरॉक्स माझ्यासमोर फाडा, आणि ग्रुपमधून ते इस्टेट एजंट आधी बाहेर काढा.