एक बिलियन म्हणजे दहा कोटी नव्हे

‘लाख-कोटी सोडा, जगाबरोबर चला’ असे बजावणारा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मिलियन-बिलियन ही जगभर एकच असलेली शास्त्रीय पद्धत आहे, लाख-कोटी ही इंग्रजी अमदानीतील कारकुनांची सोय आहे, तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम देणे हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, एक मिलियन म्हणजे दहा लाख व एक बिलियन म्हणजे दहा कोटी एवढे पाठ केले की पुरे, आणि धनादेशावरील अक्षरी रक्कम ही निव्वळ औपचारिकता असून तफावत पडल्यास अंकच ग्राह्य धरले जातात. मी याकडे दुर्लक्षच केले असते. परंतु आयुष्यभर हिशेब तपासत आलेल्या माझ्या आत्याने त्यावर विसंबून एका अहवालाच्या मराठी मसुद्यात ‘अडीच बिलियन’चे ‘पंचवीस कोटी’ केले, आणि एका ओळीत दोनशे पंचवीस कोटी गळाले.

एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एकावर नऊ शून्ये. त्यासाठी मराठीत अब्ज हा शब्द आहे आणि तो आजचा नाही. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत दसपटीने वाढणारी अठरा स्थाने सांगितली आहेत; त्यांत लक्ष सहावे, कोटी आठवे आणि अब्ज दहावे आहे. इंग्रज कारकुनांचा मुद्दा येथेच संपतो.

‘जगभर एकच’ हा दावा तर पहिल्याच तपासणीत कोसळतो. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये असा रूढ अर्थ होता. सरकारी आकडेवारीत बिलियन नऊ शून्यांचाच राहील असे तेथील सरकारने १९७४ मध्ये जाहीर केले. जर्मन भाषेत आजही नऊ शून्यांना मिलिआर्ड म्हणतात आणि बिलिओन बारा शून्यांचा असतो. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ बिलिओन जर्मन मार्क पडत होते, म्हणजे आपल्या हिशेबाने ४.२ लाख कोटी. तोच शब्द इंग्रजी बिलियन समजून उतरवणारा ४२० कोटी लिहील आणि हजारपटीने चुकेल. चिनी आणि जपानी गणना तर दहा हजारांच्या गटांनी चालते, तिच्यात मिलियनसाठी स्वतंत्र मूळ शब्दच नाही. ‘शंभर दहाहजार’ असे म्हणावे लागते.

खरा घातक दावा मात्र अक्षरी रकमेचा आहे, कारण तो वाचून कुणी निष्काळजीपणे सही करील. धनादेश, हुंड्या यांसंबंधीच्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याचे कलम १३८ न वटलेल्या धनादेशांमुळे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. त्याच कायद्याचे कलम १८ कुणी उघडून पाहत नाही. अंकांत आणि अक्षरांत रक्कम वेगवेगळी असेल तर अक्षरांत लिहिलेली रक्कम हीच देय रक्कम होय, असे ते सांगते. म्हणजे संदेशाच्या नेमके उलट. ब्रिटनच्या १८८२ च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. त्याचे कारण कागदावर डोळे लावले की कळते: अंकांच्या शेवटी एक शून्य वाढवायला क्षणही लागत नाही, घाईत लिहिलेला १ सहज ९ वाटतो, पण ‘बारा लाख पन्नास हजार फक्त’ यात काही घुसवायचे तर ‘फक्त’ आडवा येतो. चिनी लिपीत एक म्हणजे एकच आडवी रेघ. तिच्याखाली दुसरी ओढली की दोन, तिसरी ओढली की तीन, आणि उभी रेघ मारली की दहा. म्हणून पैशांच्या कागदपत्रांसाठी त्यांनी अंकांची मुद्दाम किचकट, अनेक फटकाऱ्यांची वेगळी चिन्हे ठेवली आहेत. ज्याला औपचारिकता म्हटले जाते, ती फसवणुकीविरुद्धची कडी आहे. एवढे मान्य करतो की तफावत दिसली तर बँक बहुधा अक्षरी रक्कमही देत बसत नाही, धनादेशच परत करते. पण त्याने अंक श्रेष्ठ ठरत नाहीत.

स्वल्पविरामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने २००३ मध्ये पुन्हा सांगितले की अंकांचे तीन-तीनचे गट पाडता येतील, परंतु गटांमध्ये केवळ मोकळी जागा असावी, टिंब किंवा स्वल्पविराम नव्हे. ज्या नियमाचा दाखला दिला जातो, तोच स्वल्पविराम नाकारतो.

मिलियनचे दहा लाख बरोबर आहेत, आणि परदेशी वाचकासाठीच्या कागदावर मिलियन लिहिणे सोयीचे असते, हेही नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र तेथे अंकांतही १,२५०,००० असेच हवे. १२,५०,००० लिहून खाली ‘एक मिलियन दोनशे पन्नास हजार’ असे अक्षरी देणारा कागद दोन्ही वाचकांना शून्ये बोटांनी मोजायला लावतो. आत्याने तो मसुदा परत मागवला असून ‘पंचवीस कोटी’ खोडून ‘अडीचशे कोटी’ केले आहे, आणि शेजारी अंकांत २,५०,००,००,००० हेही लिहिले आहे.