एक्सेलमध्ये रिक्वायरमेंट लिहिणं पोरखेळ? काहून बाप्पा?

नागपूरच्या हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय. म्हणे एक्सेलमध्ये रिक्वायरमेंट (म्हणजे वस्तूने काय काय केलं पाहिजे ते) लिहिणं पोरखेळ आहे, त्यासाठीच बनवलेलं डोअर्ससारखं महागडं टूल नसेल तर ट्रेसेबिलिटी नाही, हिस्ट्री नाही, ऑडिटर पास करत नाही, आणि मोठ्या कंपन्या काय उगाच पैसे मोजतात? एकेक बघू राजेहो.

ट्रेसेबिलिटी, म्हणजे कोणत्या रिक्वायरमेंटची टेस्ट कोणती ते सापडणं. एका शीटवर रिक्वायरमेंट, दुसऱ्यावर टेस्ट, प्रत्येक टेस्टसमोर ती कोणत्या रिक्वायरमेंटची आहे तो नंबर. मग पहिल्या शीटवर काउंटइफ (तो नंबर किती वेळा आला ते मोजणारा फॉर्म्युला) लावा, जिथे शून्य येईल ती ओळ लाल करा, म्हणजे टेस्टच नसलेलं सगळं डोळ्यासमोर. एवढंच तर पाहिजे असतं बहुतेकांना.

खरी बोंब ओळीतच असते. "इलेक्ट्रिक पॅनल नागपूरच्या उन्हात टिकलं पाहिजे" हे डोअर्समध्ये टाका नाहीतर वहीत, टेस्टवाला काय छतावर जाऊन उभा राहील? इथे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, म्हणून असं लिहा: "बाहेर ५० अंश असताना पॅनल फुल लोडवर सलग ८ तास चाललं तरी आतलं तापमान ६५ च्या वर जाऊ नये." आता गरम टेस्ट चेंबरमध्ये ठेवून मोजता येते. ही अक्कल कोणत्याच टूलचं लायसन्स देत नाही.

हिस्ट्री नाही म्हणे! गुगल शीटमध्ये व्हर्जन हिस्ट्री फुकट आहे, डोअरस्टॉप नावाचं ओपन सोर्स टूल तर प्रत्येक रिक्वायरमेंटची वेगळी फाईल करून गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टीममध्ये) ठेवतं, कोणी काय बदललं सगळं दिसतं. फक्त "फायनल_२_नवीन" मेलवर फिरवणं बंद करा, आणि रद्द झालेली ओळ उडवू नका, तिचा नंबर दुसरीला देऊ नका.

ऑडिटरचं तर सोडाच, आयएसओ ९००१ हे क्वालिटीचं स्टँडर्ड डिझाईन इनपुटची (म्हणजे डिझाईन कशाच्या आधारावर करायचं त्याची) नोंद मागतं, सॉफ्टवेअरचं नाव नाही.

आणि मोठ्यांचं म्हणाल तर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावरचं यान वाया गेलं, न्यूटन-सेकंदात आकडे द्यायचे असं स्पेकमध्ये (लेखी रिक्वायरमेंटमध्ये) लिहिलेलं होतं, सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदात दिले आणि कोणी ताडून पाहिलं नाही.

हां, हजारो ओळी, चार सप्लायर, कस्टमर रेकआयएफ (अशा टूलांमध्ये रिक्वायरमेंटची देवाणघेवाण करायचा फॉरमॅट) फाईल पाठवतो, गाडीच्या ब्रेकचा कंट्रोलर आहे, तिथे एक्सेल घेऊन बसाल तर रडाल, तिथे घ्या ना भाऊ लायसन्स. पण फॉरवर्डवाला हे पाच माणसांच्या पॅनल शॉपला सांगून राहिला.