"ताई, आपलीच घोडी समजा"

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे ठरावीक फोन सुरू होतात. "ताई, आठ-दहा दिवस गावाला चाललोय, घोडीकडे जरा बघाल का? आपलीच समजा." शेवटचं वाक्य अगदी मनापासून म्हटलेलं असतं. पण दुसऱ्याचं जनावर सांभाळायला घेताना मला भीती वाटते ती त्याच वाक्याची. कारण घोडी माझी नाही. माझी असती तर रात्री दोन वाजता तिला मोठ्या दवाखान्यात हलवायचं की नाही, त्यावर किती पैसे घालायचे आणि कुठे थांबायचं हे मीच ठरवलं असतं. तुमच्या घोडीबाबत हे मी कुठल्या अधिकारात ठरवू? आणि तुमचा फोन लागला नाही तर?

पुण्याच्या आसपास फार्महाऊसवर एखादी मारवाडी नाहीतर काठेवाडी घोडी बाळगायची हौस आता बरीच दिसते. कुणी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणतं, कुणी अकलूजच्या बाजारातून. हौसेला माझी ना नाही, मलाही तीच लागण आहे. पण बहुतेक ठिकाणी मालक शहरात, घोडी गावाबाहेर आणि मध्ये एकटा गडी. तो सणाला घरी गेला की सगळं शेजाऱ्यावर. रेसकोर्सवर तर जवळजवळ प्रत्येक घोडा दुसऱ्याचाच असतो. मालक वेगळा, ट्रेनर वेगळा, घोड्याची देखभाल करणारा सईस वेगळा. पण तिथे कुणी काय बघायचं, डॉक्टरला कुणी बोलवायचं हे ठरलेलं असतं. फार्महाऊसवर ठरलेलं असतं ते फक्त घोडीचं नाव.

गाय आजारी पडली तर गावात चार माणसं सल्ला द्यायला येतात, आणि त्यातला एखादा बरोबरही असतो. घोड्याचं तसं नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं. ते अडलं, गॅस धरला किंवा आतड्याला पीळ पडला की पोटशूळ. घोडी पायाने जमीन उकरते, वळून वळून कुशीकडे बघते, लोळते, लीद टाकत नाही. कधी चालवून आणि इंजेक्शनने तासाभरात सुटते, कधी सकाळपर्यंत सगळं संपतं. यातलं कुठलं आहे हे सुरुवातीला डॉक्टरलाही तपासल्याशिवाय सांगता येत नाही. कारणं मात्र बऱ्याचदा साधी असतात. पाणी कमी प्यायली (दिवसाला 25 ते 40 लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त), किंवा नवीन माणसाने प्रेमापोटी दाणा वाढवला, किंवा वैरण एकदम बदलली. घोड्याचा चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा लागतो, हे "फक्त सकाळ-संध्याकाळ टाकायचं" म्हणून नेमलेल्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या भागात एका फार्महाऊसवर असंच झालं. मालक विमानात, घोडी जमिनीवर, सांभाळायला शेजारचा मुलगा. डॉक्टर आले, त्यांनी नळी घातली, औषध दिलं आणि म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता हलवायला हवं. घोड्याचं पोट उघडून शस्त्रक्रिया करायची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. तिथवर जायचा आणि पुढचा खर्च कोण करणार, वाटेत काही झालं तर कोण उत्तर देणार? तो मुलगा रडकुंडीला येऊन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. घोडी वाचली, तीही न हलवता, आपोआप सुटली. त्यामुळे त्या घरात या प्रकाराची आठवण आता "नशीब चांगलं" एवढीच उरली आहे. मला तो मुलगा आठवतो.

म्हणून आता लिहून घेतल्याशिवाय मी कुणाची घोडी घेत नाही. वकिली कागद नको, वहीचं पान चालतं. मालकाला न विचारता उपचारावर किती खर्च करायचा, आणि मालक सापडलाच नाही तर कुणाचा शब्द शेवटचा. त्या दुसऱ्या माणसाला आपण "दुसरा माणूस" आहोत हे माहीत असायला हवं, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. आणि एक प्रश्न मी समोर बसवून विचारते: पाय मोडला, डॉक्टर म्हणाले आता वेदनेतून सोडवणंच बरं, तर हो म्हणायचा अधिकार मला आहे का? इथे लोक हमखास "अशुभ बोलू नका" म्हणतात. बोलायला हवं. चार दिवस तडफडणाऱ्या जनावरापुढे कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणेची वाट बघण्यात मला काही शुभ दिसत नाही.

मग माझी पाळी. मला ताप आला, घरात कुणी गेलं, गाडीवरून पडले तर? सांभाळणाराही आजारी पडू शकतो, हे सांभाळणाऱ्याच्याच डोक्यात नसतं. माझ्या जागी येणाऱ्याचं नुसतं नाव लिहून भागत नाही. माझ्यासमोर त्याने तिला दोन-तीनदा दाणा घालायला हवा, खरारा करायला हवा, खूर उचलून बघायला हवं. अंधारात अनोळखी माणूस मागून आला की घोडी लाथ घालणारच, त्यात तिचा काय दोष.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र रयतेला त्रास देऊ नका म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातला मोठा भाग वैरणीबद्दल आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोडीवरचा स्वार, म्हणजे त्याची घोडीही दुसऱ्याचीच. साठवलेला दाणा-गवत आत्ता मनाला येईल तसं उडवलंत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं महाराज सरळ सांगतात. गवताजवळ चुली नकोत, तंबाखूसाठी विस्तव नको, जळती वात उंदीर ओढून नेईल, हेही त्यात आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी उंदराचा विचार झाला होता. आमच्याकडे कडब्याच्या गंजीला टेकून मोबाइल चार्जिंगला लावतात.

राहता राहिले पैसे. ओळखीत कसले पैसे, असं म्हणतात. मी घेते. फुकट केलेल्या कामाबद्दल मालक जाब विचारत नाही आणि सांभाळणाराही "हे माझ्याने होणार नाही" असं वेळेवर सांगत नाही. दोघेही भिडेत राहतात आणि किंमत घोडी मोजते.

या दिवाळीला दोन घोड्या येणार आहेत. एका मालकाने पान भरून दिलं, दुसरे अजून "बघू" म्हणताहेत. बघतील तोवर माझा होकार नाही. आणि मला स्वतःला अजून एक माणूस हवा आहे. हडपसर ते सासवड पट्ट्यात रात्री-अपरात्री घोडा न्यायला तयार असणारा, याआधी घोडे नेलेला टेम्पोवाला कुणाच्या ओळखीत असेल तर मला मेसेज करा. गुरं नेणारे आहेत माझ्याकडे. घोडा नेलेलाच हवा.