‘पिल्लूच घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

“सरपटणारा प्राणी पाळायचा तर पिल्लूच आणा. लहानपणी हाताची सवय लागली तरच तो जीव लावतो. मोठा प्राणी पहिल्या मालकाचाच राहतो, त्याला नंतर काही शिकवता येत नाही.” हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि ऐकायला पटतोही, कारण त्यातला लहानपणीच्या सवयीचा भाग कुत्र्या-मांजरांबाबत बऱ्यापैकी खरा आहे.

मुळात सरपटणाऱ्यांचं बालपण तसं नसतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लॉरेंझ, त्यालाच आई समजून त्याच्या मागे धावणारी हंसाची पिल्लं प्रसिद्ध आहेत. पण तो पक्ष्यांचा मामला. लेपर्ड गेको या ठिपक्यांच्या पालीची मादी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पिल्लाला आई माहीतच नसते, मग आईची जागा तुम्ही कशी घेणार? उलट एवढ्याशा जिवाला जगात सगळेच खायला टपलेले. वरून आलेला हात त्याच्या लेखी शिकारी पक्षी. घाबरलं की ते शेपूट टाकून पळतं. नवी येते, पण आखूड आणि जाडजूड. पूर्ण वाढलेला गेको त्या मानाने निवांत असतो.

मोठे शिकत नाहीत, हे तर साफ खोटं. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात महाकाय कासवांना रंगीत चेंडू चावायला शिकवलं होतं. 9 वर्षांनी तपासलं तेव्हाही ती ते विसरली नव्हती. आणि ती पिल्लं नव्हती, चांगली थोराड कासवं होती.

पिल्लाचा स्वभाव आपण घडवतो, हाही भ्रमच. हातावर वाढलेला नर इग्वाना (एक मोठा सरडा) वयात आला की विणीच्या काळात मालकावरच धावून जाऊ शकतो. मोठा प्राणी घेताना निदान स्वभाव समोर दिसतो.

एक मान्य: रानातून पकडलेला किंवा हाल झालेला मोठा प्राणी कदाचित कधीच निवळणार नाही. पण तो दोष वयाचा नाही, त्याच्यावर जे गुदरलं त्याचा.

मोठा प्राणी घरी आला की पहिला आठवडाभर तरी हात लावू नका. पाणी बदला, खाणं द्या, बस्स. मग हात वरून न नेता बाजूने आत ठेवा आणि थांबा. तो जीभ लपलपवत बोटांचा वास घेईल. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याची हनुवटी काळी पडली, तर हात काढून घ्या. उचलायचं तर पोटाखाली आधार देऊन.

आणि नव्या घरात बॉल पायथनने (पाळला जाणारा एक लहान अजगर) खाणं सोडलं, की लोक लगेच ठरवतात, जुन्या मालकासाठी झुरतोय! झुरत वगैरे नाही. जागा बदलली की मोठा बॉल पायथन आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो. लपायला जागा आणि पेटीतलं तापमान बघा, वजन करत राहा. ते उतरू लागलं तर मात्र पशुवैद्य गाठा.